विचारून पाहावें

आपल्या भाषेंत ‘घासाघीस’ हा शब्द फारसा प्रतिष्ठित मानला जात नाहीं. तो उच्चारतांच मंडईंतील भाजीवाली, तिच्यापुढें पिशवी घेऊन उभें राहिलेलें गिऱ्हाईक आणि दोन रुपयांसाठीं दोघांत चाललेली हुज्जत डोळ्यांपुढें येते. आणि सुशिक्षित म्हणविणारा मनुष्य मनांत म्हणतो, हें आपलें काम नव्हे. उलटपक्षीं ‘तह’, ‘करार’, ‘वाटाघाट’ हे शब्द कानीं पडले म्हणजे राजे, वकील आणि मुत्सद्दी आठवतात. व तोच मनुष्य पुन्हां म्हणतो, हेंहि आपलें काम नव्हे. अशा रीतीनें एका टोकाला मंडई आणि दुसऱ्या टोकाला राजदरबार ठेवून मधलें सारें आयुष्य आपण मुकाट्यानें काढतों. त्या मधल्या आयुष्यांत विचारून पाहण्याच्या व दोघांच्याहि सोयीचें कांहीं ठरवून घेण्याच्या संधि किती येतात आणि त्या आपल्या नजरेस कां पडत नाहींत, याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे, असा आमचा मानस आहे.

संधि दिसत नाहीं याचें पहिलें कारण असें कीं, जें केवळ रूढ आहे तें आपण अढळ समजतों. अगदीं साधें उदाहरण घेऊं. साबणाच्या वडीवर किंवा चहाच्या पुड्यावर किंमत छापलेली असते आणि तीच त्या वस्तूची ठरलेली किंमत, असें आपण धरून चालतों. परंतु त्या आंकड्यापाशीं जे शब्द असतात त्यांचा अर्थ ‘कमाल किरकोळ किंमत’ असा आहे. आणि कमाल म्हणजे अधिकांत अधिक. तीहून जास्त पैसे घेण्यास दुकानदारास कायद्यानें मनाई आहे. कमी घेण्यास नाहीं. आम्हीं वर्गांत एकदां हा प्रश्न विचारला, तेव्हां बहुतेक मुलांनीं ‘दुकानदार कमी घेऊंच शकत नाहीं’ असें ठाम उत्तर दिलें. जी केवळ वरची मर्यादा, तिलाच तीं मुलें एकमेव वाट समजत होतीं. आतां एका साबणाच्या वडीसाठीं दुकानदाराशीं वाद घालावा, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु महिन्याचें सारें वाणसामान एकाच दुकानांतून भरणाऱ्या कुटुंबानें ‘सगळा माल तुमच्याकडूनच नेतों, कांहीं सवलत द्याल काय?’ असें विचारलें, तर त्यांत लाजण्यासारखें काय आहे? दुकानदार कदाचित् नाहीं म्हणेल. पण विचारण्यापूर्वीं जी स्थिति होती ती त्याच्या नकारानें बिघडत नाहीं.

हीच गोष्ट किंमतीहून पुष्कळ मोठ्या बाबतींतहि खरी आहे. भिंतीवरील दिनदर्शिकेंत रविवार तांबड्या शाईनें छापलेला असतो, आणि ही सुटी सूर्यचंद्रांबरोबरच निर्माण झाली असावी असें मुलांना वाटतें. आम्हां ख्रिस्ती लोकांस तर तो उपासनेचा दिवस म्हणून लहानपणापासून ठाऊक. परंतु मुंबईच्या कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांस एके काळीं आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं त्या कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचें एक निवेदन तयार झालें. त्यांत काय मागितलें होतें? दर रविवारीं सुटी. दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति. सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. आणि मागील महिन्याचें वेतन पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत. आज वाचतांना या मागण्या किती लहान वाटतात! परंतु त्या नेमक्या होत्या. ‘आमच्यावर दया करा’ असें त्यांत नव्हतें. ‘अमुक वार, अमुक वेळ, अमुक तारीख’ असें होतें. शिवाय रविवार हा खंडोबाचाहि वार, म्हणजे त्या श्रमिकांच्या घरींदारीं आधींच मान असलेला दिवस. सहा वर्षें बोलणीं, सभा आणि निवेदनें चालू राहिलीं, व अखेरीस १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी मान्य केली. आज जें दिनदर्शिकेंत छापलेलें दिसतें, तें अशा रीतीनें कोणीतरी मागून, ठरवून घेतलेलें आहे, हें ध्यानांत धरावें.

कोणी म्हणेल कीं, रूढि बदलेल, पण नियम कसा बदलेल? याला पवित्र शास्त्रांतील गणनेच्या पुस्तकांत एक मार्मिक उत्तर आहे. सलाफहाद नांवाच्या गृहस्थास मुलगा नव्हता; पांच मुली होत्या. तत्कालीन रीतीप्रमाणें वतन मुलांकडे जाई, आणि म्हणून त्यांच्या बापाचें नांवच वांटणींतून नाहींसें होणार होतें. त्या पांचही जणी दर्शनमंडपाच्या दारापाशीं मोशे, याजक, सरदार व सारी मंडळी यांच्यापुढें उभ्या राहिल्या आणि आपलें म्हणणें त्यांनीं मांडलें. तें योग्य ठरलें व नियमांत मुलींना स्थान मिळालें. विशेष गोष्ट अशी कीं, प्रकरण तेथेंच संपलें नाहीं. या मुली दुसऱ्या वंशांत दिल्या गेल्या तर आपल्या वंशाची जमीन बाहेर जाईल, अशी अडचण त्यांच्या भाऊबंदांनीं पुढें आणली. तीहि ऐकून घेण्यांत आली, आणि त्यांनीं आपल्याच वंशांत विवाह करावा असें ठरलें. मागणाऱ्या बायकांस वतन मिळालें व वंशाची जमीन वंशांत राहिली. दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकल्यावांचून असा निकाल लागला नसता.

दुसरें कारण भीतीचें आहे. ‘आपण लहान, समोरचा मोठा, आपण काय बोलणार?’ असा विचार करून मनुष्य गप्प बसतो. येथें आम्हांस दानीएलाची आठवण होते. तो बाबेलमध्यें बंदिवान म्हणून नेलेला तरुण. त्याच्यापाशीं ना पैसा, ना सत्ता. राजाच्या येथील अन्न व द्राक्षारस न घेण्याचा त्याचा निश्चय होता. त्यानें वरिष्ठ अधिकाऱ्यास विनंति केली. अधिकारी सज्जन होता, पण राजाच्या धाकानें कचरला. हीं मुलें वाळलेलीं दिसलीं तर आपलें डोकें जाईल, अशी त्याला भीति वाटली. बहुतेकांनीं येथें हात टेकले असते. दानीएलानें त्या नकारांत भीतीचें कारण ऐकलें आणि आपल्यावर देखरेख करणाऱ्या कारभाऱ्यास दुसरीच गोष्ट विचारली: दहाच दिवस आम्हांला शाकभाजी व पाणी देऊन पाहा, मग आमचे चेहरे इतरांच्या शेजारीं ठेवून तूंच ठरव. कायमची परवानगी देणें कारभाऱ्यास धोक्याचें होतें. दहा दिवसांची परीक्षा तितकीशी नव्हती. ‘नाहीं’ हा शब्द ऐकल्यावर ‘कां नाहीं?’ याचा शोध घेतला, तर पुष्कळदां त्याच भिंतींत एक लहानसें दार सांपडतें.

तिसरें कारण सर्वांत सूक्ष्म आहे. आपण जें तोंडानें मागतों तें आणि आपल्याला खरोखर जें हवें असतें तें, यांत अंतर असतें. आणि तें समोरच्याला तर काय, आपल्यालाहि ठाऊक नसतें. अमेरिकेंतील मेरी पार्कर फॉलेट या विदुषीनें १९२५ सालीं दिलेल्या एका व्याख्यानांत हार्वर्ड येथील ग्रंथालयांतला स्वतःचा एक लहानसा अनुभव सांगितला आहे. एका खोलींत एकाला खिडकी उघडी हवी होती आणि बाईंना बंद. अखेरीस शेजारच्या रिकाम्या खोलींतील खिडकी उघडण्यांत आली. ही तडजोड नव्हे, असें त्यांचें म्हणणें. कारण कोणालाच आपली गरज सोडावी लागली नाहीं. एकाला मोकळी हवा पाहिजे होती, दुसऱ्याला अंगावर वारा नको होता. अर्धी खिडकी उघडून दोघांनाहि अर्धवट दुःखी करण्यापेक्षां हा मार्ग किती चांगला!

आमच्या शाळेंतील एक प्रसंग येथें सांगणें उचित होईल. नववींतल्या एका मुलीचे वडील वर्षाच्या मध्यावरच शाळेंत आले आणि म्हणाले, “मास्तर, पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला द्या.” मुलगी दाराशीं खालीं मान घालून उभी होती. दाखला मागण्याचा पालकांस अधिकार आहे. शाळेनें अर्ज घेऊन तो दिला असता तर कोणी दोष दिला नसता. परंतु आम्हीं विचारलें, “कशासाठीं?” ते म्हणाले, “घरीं गरज आहे.” आम्हीं पुन्हां विचारलें, “कशाची गरज?” तेव्हां त्यांनीं सांगितलें तें असें: ते पहाटे मंडईंतून भाजी उचलून तीन-चार खाणावळींना उधारीवर पुरवितात. त्यांना स्वतःला लिहितां येत नाहीं. वही मोठा मुलगा लिहीत असे. तो नोकरीसाठीं परगांवीं गेला. गेल्या महिन्यांत दोन ठिकाणीं ‘इतका माल आलाच नाहीं’ असें ऐकावें लागलें, आणि वहींत कांहीं लिहिलेलें नसल्यामुळें त्यांना मुकाट्यानें परत यावें लागलें. शेवटीं ते म्हणाले, “असाच तोटा येत राहिला तर फी कोठून भरूं? त्यापेक्षां तीच घरीं बसून वही सांभाळील.”

आतां पाहा, या गृहस्थांनीं मागितला होता दाखला; पण त्यांना हवा होता हिशेब. आम्हीं विचारलें, “वही केव्हां लिहावी लागते?” ते क्षणभर थांबले. माल सकाळीं जातो खरा, पण वही रात्रीं लिहिली तरी चालते, असें त्यांनींच सांगितलें. अडचण शनिवारची होती. त्या दिवशीं दुपारीं वसुलीला जातांना बिलें तयार लागतात. शनिवारीं शाळा सकाळचीच असते आणि शेवटचा तास कवाईतीचा असतो. मुख्याध्यापकांनीं तेवढ्या तासाची सूट दिली. त्याच्या बदल्यांत इतर पांच दिवस एकहि गैरहजेरी पडूं नये अशी अट घातली, ती वडिलांनीं मान्य केली.

सारें ठरल्यासारखें झालें, तेव्हां आम्हीं त्या मुलीकडे वळून म्हटलें, “आणि बाळ, तुझें काय म्हणणें आहे?” इतका वेळ तिला कोणी विचारलेंच नव्हतें. ती हळूच म्हणाली, “परीक्षेच्या महिन्यांत वही दुसऱ्या कोणीतरी लिहावी.” वडील विचारांत पडले, मग म्हणाले, “तेवढा महिना भाच्याला बसवतों.” त्या बैठकींतील सर्वांत शहाणपणाचें कलम हेंच होतें, आणि तें त्या मुलीखेरीज दुसऱ्या कोणास सुचण्यासारखें नव्हतें. आज ती दहावींत शिकत आहे आणि तिच्या वडिलांची वहीहि चोख आहे. एक दाखला लिहिण्यास पांच मिनिटें लागतात. हें सारें ठरविण्यास अर्धा तास लागला. त्या पंचवीस मिनिटांवर एका मुलीचें शिक्षण अवलंबून होतें.

अशा संधि ओळखाव्या कशा? आमच्या अनुभवाप्रमाणें त्यांच्या खुणा अवघड नाहींत. कोणी ‘असेंच असतें’ किंवा ‘आजवर असेंच चालत आलें’ असें म्हणालें, कीं तो नियम आहे कीं नुसती संवय, हें विचारावें. दोघे एकाच वस्तूसाठीं हट्ट धरून बसले, कीं प्रत्येकाला ती कशासाठीं हवी आहे, हें विचारावें. आणि आपण स्वतः एखाद्या गोष्टीबद्दल वारंवार कुरकुर करूं लागलों, कीं समजावें, येथें मागण्यासारखें कांहीं आहे. कुरकुर म्हणजे भलत्याच माणसापाशीं केलेली मागणी होय. आमचा एक माजी विद्यार्थी छापखान्यांत कामाला लागला. पदवीच्या परीक्षेसाठीं अभ्यास होत नाहीं म्हणून तो नोकरी सोडण्याच्या बेतांत होता आणि मित्रांपाशीं रोज रडगाणें गात होता. मालकाला मात्र त्यानें अवाक्षर सांगितलें नव्हतें. एके दिवशीं धीर करून त्यानें सकाळच्या पाळीऐवजीं दुपारची पाळी मागितली. मालकाला दुपारच्या पाळीसाठीं माणूस मिळतच नव्हता! दोघांचेंहि काम एका वाक्यानें झालें.

मागतांना मात्र स्पष्ट मागावें. ताकाला जाऊन भांडें लपविण्याची आपली जुनी खोड आहे. आडून आडून बोलावयाचें, समोरच्यानें ओळखावें अशी अपेक्षा करावयाची आणि त्यानें ओळखलें नाहीं म्हणजे रुसून बसावयाचें, ही रीति बरी नव्हे. तसेंच वेळ पाहावी. हजेरी घेत असलेल्या शिक्षकास किंवा दुकानांत गर्दी असतांना दुकानदारास गांठूं नये. आणि रिकाम्या हातांनीं जाऊं नये. आपण काय मागणार याबरोबर आपण काय देऊं शकूं, याचाहि विचार करून जावें.

परंतु प्रत्येक ठिकाण बोलणीं करण्याचें नसतें, हेंहि तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. मोठ्या झगझगीत दुकानांत मागितलेली किंमत निमूटपणें मोजणारा मनुष्य बाहेर येऊन पाटीवालीशीं कोथिंबिरीच्या जुडीसाठीं दहा मिनिटें भांडतो, हें आपण रोज पाहतों. त्याला वाटाघाट म्हणतां येणार नाहीं. जेथें आपला जोर चालतो तेथें तो चालविणें एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळ झाली आहे, भाजी सुकत चालली आहे आणि तिला घरीं जावयाचें आहे, हें हेरून पाडलेला भाव हा सौदा नव्हे. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, पण म्हणून हरीला अडवून ठेवणें धर्म्य होत नाहीं. त्याचप्रमाणें मजुराची मजुरी, दिलेला शब्द आणि सत्य यांत काटछांट करूं नये. आमचे कांहीं विद्यार्थी उत्तरपत्रिका मिळाल्यावर गुणांची घासाघीस करण्यास येतात. उत्तर तपासण्याचें राहिलें असेल, बेरीज चुकली असेल, तर अवश्य दाखवावें. तो तुमचा हक्क आहे. परंतु ‘दोन गुण वाढवा, म्हणजे पहिला वर्ग मिळेल’ ही मागणी त्या जातीची नव्हे. तुम्हांला हवें असलेलें ज्ञान त्या दोन गुणांनीं वाढत नाहीं.

आणि सर्वांत थोर मागणी स्वतःसाठीं नसते. उत्पत्तीच्या पुस्तकांत अब्राहाम सदोम नगरासाठीं प्रत्यक्ष परमेश्वराशीं बोलणीं करतो. पन्नास नीतिमान सांपडले तर नगर राखशील काय, असें विचारून तो पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस आणि शेवटीं दहा इतका खालीं येतो. प्रत्येक वेळीं तो नम्र आहे, आणि प्रत्येक वेळीं पुढचें विचारतो. त्या नगरांत दहाहि निघाले नाहींत, व तें वांचलें नाहीं. तथापि सहा वेळां विचारणाऱ्यावर परमेश्वर रागावला, असें तेथें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. ज्यांना घासाघीस हलकी वाटते, त्यांनीं तो अध्याय एकदां या दृष्टीनें वाचावा.

शेवटीं पालकांस एक विनंति. ही विद्या मुलें प्रथम घरींच शिकतात, किंवा घरींच गमावतात. मुलगा म्हणाला, “बाबा, आधीं खेळून येतों आणि मग अभ्यासाला बसतों, चालेल का?” तर बहुतेक घरांत त्याला ‘उलट उत्तर देतोस?’ असें ऐकावें लागतें. त्यानें आज्ञा मोडलेली नसते. त्यानें एक प्रस्ताव मांडलेला असतो. ‘किती वाजतां परत येशील?’ असें आपण विचारावें, आणि ठरलेली वेळ त्यानें पाळली तर उद्यां पुन्हां ऐकून घ्यावें. मोडली तर त्याला त्याच्याच शब्दाची आठवण द्यावी. ज्या घरांत विचारणें हाच उद्धटपणा मानला जातो, तेथील मुलें मोठेपणीं एकतर सर्व कांहीं मुकाट्यानें सोसतात, नाहींतर एके दिवशीं सर्व कांहीं झुगारून देतात. मधली वाट त्यांना कोणी दाखविलेलीच नसते.

विद्यार्थिमित्रहो, हा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां सुटी लागलेली असेल. त्या सुटींत निदान एक गोष्ट अशी शोधून काढा, कीं जिच्याबद्दल तुम्ही वर्षभर मनांत कुढत आलां आणि जी कोणापाशीं कधीं मागितलीच नाहीं. ती कोणाच्या हातीं आहे हें पाहा, त्याची अडचण काय असेल याचा विचार करा, आणि मग सरळ, सौम्य शब्दांत विचारा. उत्तर ‘नाहीं’ आलें, तर कारण विचारून घ्या. आणि ‘होय’ आलें, तर आपल्या बाजूनें दिलेला शब्द तंतोतंत पाळा, म्हणजे पुढच्या वेळीं विचारण्याची वाट तुमच्यासाठीं मोकळी राहील.